म्युरेट, म्युरिएटिक, मूर: हा खार आहे तरी कशाचा?

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदार भाऊंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं नीट लागेल. खताच्या पोत्यावर लिहिलंय म्युरेट ऑफ पोटॅश. घरात वहिनींच्या होमिओपॅथीच्या बाटलीवर नॅट्रम मूर. आणि बाथरूमच्या टाइल्सवरचं सिमेंट काढायला मिस्त्रीने जे अ‍ॅसिड आणायला लावलं त्याच्या लेबलवर बारीक अक्षरात म्युरिएटिक. भाऊ विचारून राहिले की हे म्युर म्युर सगळीकडे एकच आहे का, त्याचा अर्थ काय, सरळ क्लोराइड म्हणायला काय होतं, आणि कृषी केंद्रवाला म्हणतो "पोटॅश म्हणजे पोटॅश, बाकीचं नाव कायले पाहता" ते बरोबर आहे का.

तर भाऊ, सगळीकडे एकच आहे, आणि कृषी केंद्रवाल्याचं म्हणणं बरोबर नाही. निदान संत्र्यासाठी तर अजिबात नाही. माती-पाणी तपासायच्या लॅबमध्ये माझी ३० वर्षं नागपुरातच गेली, त्यातला मोठा भाग या एका म्युरच्या मागे, म्हणजे क्लोराइड मोजण्यात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्द लॅटिन आहे. मुरिया म्हणजे खारं पाणी, पण नुसतं समुद्राचं खारं पाणी नाही, ज्यात मासे, ऑलिव्ह वगैरे टिकवायला मुरत घालतात ते मिठाचं पाणी. आपल्याकडे याला एकदम नेमका शब्द आहे, लोणच्याचा खार. बरणी तिरपी केली की फोडींच्या खाली जो जमतो तो. म्युरिएटिक हे विशेषण म्हणजे "त्या खाराचं", मिठापासून आलेलं. आणि आपण लोणचं मुरलं म्हणतो त्या मुरण्याशी या मुरियाचं काही नातं मला माहीत नाही, मी तो आवाजाचाच योगायोग धरतो, पण लक्षात ठेवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. मी लॅबमध्ये येणाऱ्या पोरांना हेच सांगायचो, म्युर दिसलं की मुरलेलं लोणचं आठवा, म्हणजे मीठ आठवेल, म्हणजे क्लोराइड आठवेल.

आता सरळ क्लोराइड का नाही म्हणत, तर जेव्हा हे नाव पडलं तेव्हा क्लोरीन नावाचं मूलद्रव्यच कोणाला माहीत नव्हतं.

मिठावर गंधकाचं आम्ल ओतून तापवलं की झोंबणारा धूर निघतो, तो पाण्यात विरला की तिखट अ‍ॅसिड तयार होतं, हे १७व्या शतकात ग्लाउबर नावाच्या जर्मन माणसाने चांगलं बसवून दिलं होतं. तेव्हा त्याला मिठाचा अर्क म्हणायचे, नंतर सागरी आम्ल. मग १७८७ मध्ये पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सोबत्यांनी रसायनशास्त्राची सगळी नावं नव्याने लावायची ठरवली, कारण तोपर्यंत एकाच पदार्थाला चार गावात चार नावं होती. त्यांची पद्धत फार सुंदर आहे, आजही आपण तीच वापरतो. आम्लाच्या नावाच्या शेवटी इक आलं की त्याच्या क्षाराच्या शेवटी एट. नायट्रिकचं नायट्रेट, सल्फ्युरिकचं सल्फेट. त्याच चालीवर म्युरिएटिकचं म्युरेट. झालं, तुमच्या पोत्यावरचा शब्द तिथे जन्मला.

पण त्यात एक चूक शिरली होती. लाव्हाझिएचं म्हणणं असं की आम्लपणा येतो तो ऑक्सिजनमुळेच. ऑक्सिजन या नावाचा अर्थच मुळी आंबट करणारा. गंधक जाळा, फॉस्फरस जाळा, पाण्यात विरवा, आम्ल मिळतं, मग त्याला असं वाटलं यात काही चूक नव्हतं. म्हणून त्याने धरून चाललं की म्युरिएटिक आम्लातही ऑक्सिजन असणार, आणि त्याला चिकटलेलं दुसरं काहीतरी असणार जे अजून कोणाला सुटं करता आलेलं नाही. १७८९ च्या त्याच्या पुस्तकात मूलद्रव्यांचा तक्ता आहे, त्यात त्याने या न सापडलेल्या गोष्टीसाठी म्युरिएटिक रॅडिकल म्हणून जागा धरून ठेवली आणि हे अजून माहीत नाही असं प्रामाणिकपणे नोंदवलं. मला ही जागा राखून ठेवणं फार आवडतं. १७९४ मध्ये त्याचं मुंडकं गिलोटिनखाली गेलं, ती जागा रिकामीच राहिली.

खरं तर ती गोष्ट १७७४ मध्येच एकाच्या हाती लागून गेली होती. शीले नावाचा एक औषधं बनवणारा, स्वीडनचा. त्याने हेच मिठाचं अ‍ॅसिड एका काळ्या दगडाच्या भुकटीवर टाकून गरम केलं आणि पिवळट हिरवा, नाकात जाताच ठसका लावणारा वायू निघाला. तो काळा दगड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. आपल्या नागपूरकरांना हा दगड नवीन नाही, रामटेकच्या रस्त्याने मनसर, कांद्रीकडे गेलं की मँगनीजच्या खाणी, हात लावला तर बोटं काळी होतात, आणि शीलेने वापरला तसा डायऑक्साइडवाला माल पलीकडे भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला निघतो, तो बॅटरीच्या सेलमध्ये जातो. मी कॉलेजात असताना धुराच्या कपाटात हा प्रयोग केला होता. परीक्षानळीत चिमूटभर काळी भुकटी, वरून अ‍ॅसिडचे थेंब, खालून मंद आच, आणि नळीच्या वरच्या भागात हळूहळू जो रंग भरत जातो तो कच्च्या लिंबाच्या सालीसारखा, पण पातळ. नळीच्या मागे पांढरा कागद धरला तरच नीट दिसतो.

शीलेने वायू पाहिला पण तो मूलद्रव्य आहे हे त्याला समजलं नाही. मग लाव्हाझिएच्या त्या तीन सोबत्यांपैकीच एक, बर्थोले आला. त्याने पाहिलं की हा वायू विरलेलं पाणी उन्हात ठेवलं तर त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात आणि मागे म्युरिएटिक अ‍ॅसिड उरतं. मग कोणीही हेच म्हणेल ना, की वायू म्हणजे म्युरिएटिक अ‍ॅसिड अधिक ऑक्सिजन? म्हणून त्याचं नाव पडलं ऑक्सिम्युरिएटिक अ‍ॅसिड. ऑक्सिजन खरं तर पाण्यातून निघत होता, पण ते तेव्हा दिसणं अवघड होतं. जुन्या इंग्रजी पुस्तकात हा शब्द आला की आजचे पोरं गोंधळतात, तर सरळ लक्षात ठेवा, ऑक्सिम्युरिएटिक म्हणजे आजचा क्लोरीन. आणि ऑक्सिम्युरेट ऑफ लाइम म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतवाले विहिरीत टाकतात ती टीसीएल. चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

याच्यात एक धोक्याची जागा आहे. जुन्या पुस्तकात म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे तुमचं खत, पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा भाऊ. पण ऑक्सिम्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, तो स्फोटक कामाचा. १७८८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची बंदुकीची दारू बनवून पाहताना स्फोट होऊन माणसं गेली. नावात फरक फक्त ऑक्सि एवढाच. म्हणून मी म्हणतो जुनं पुस्तक वाचताना विशेषण गिळायचं नाही.

चूक निस्तरली डेव्ही नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, १८१० मध्ये, लंडनला. त्याचा युक्तिवाद साधा होता. कोळसा पांढरा होईस्तोवर तापवला तर तो कुठूनही ऑक्सिजन ओढून घेतो. मग या ऑक्सिम्युरिएटिक वायूत ऑक्सिजन असेल तर तापलेल्या कोळशाने तो घ्यायला पाहिजे. कोळशाने काहीच घेतलं नाही. म्हणजे ऑक्सिजन नाहीच आहे, हा वायू स्वतःच मूलद्रव्य आहे. ग्रीकमध्ये पिवळट हिरव्याला क्लोरोस म्हणतात, त्यावरून त्याने क्लोरीन नाव दिलं. रंग डोळ्याला दिसतो, त्यात सिद्धांताची काही भानगड नाही, उद्या सिद्धांत बदलला तरी नाव खोटं पडत नाही. मला वाटतं नाव कसं द्यावं याचा हा धडाच आहे. आणि गंमत अशी की पोटॅशमधलं पोटॅशियमसुद्धा याच डेव्हीने १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून पहिल्यांदा सुटं केलं होतं. म्हणजे तुमच्या पोत्यात जे दोन आहेत, पोटॅशियम आणि क्लोरीन, दोघांनाही मूलद्रव्य म्हणून ओळख त्याच माणसाने दिली, पण पोत्यावरची दोन्ही नावं मात्र त्याच्या आधीची. पोटॅश म्हणजे भांड्यातली राख, लाकडाची राख पाण्यात विरवून ते पाणी मडक्यात आटवायचे त्यावरून.

मग गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१४ मध्ये हायड्रोक्लोरिक हे नाव पुढे आणलं, कारण आम्लात हायड्रोजन आणि क्लोरीन एवढंच आहे, आणि तेच आज शाळेच्या पुस्तकात आहे. आता इथे व्याकरणाचा मुद्दा पाहा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आजच्या नियमाने शेवटी एट आलं की त्यात ऑक्सिजन आहे असं समजायचं, सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट, क्लोरेट. ऑक्सिजन नसेल तर आइड, क्लोराइड, सल्फाइड. म्युरेटमध्ये ऑक्सिजनचा कणही नाही, तरी शेवट एट. म्हणजे लाव्हाझिएचा तो चुकलेला अंदाज तुमच्या पोत्यावर अजून छापला जातो. पण अर्धाच चुकलेला. ऑक्सिजनचा भाग चुकला, मुरियाचा भाग, हे मिठातून आलं हा, तो शंभर टक्के खरा निघाला.

बाकी मुरियावरून अजून एक नाव पडता पडता राहिलं. १८२६ मध्ये बालार नावाच्या पोराने, तेव्हा तो चोविशीतला होता, फ्रान्सच्या किनाऱ्यावर मिठागराच्या उरलेल्या खाऱ्या पाण्यातून तांबडा द्रव काढला आणि त्याचं नाव म्युराइड ठेवलं. पॅरिसच्या मोठ्या लोकांनी ते बदललं आणि घाण वासावरून ब्रोमीन केलं.

नाव बदललं म्हणून जुना शब्द गेला असं झालं नाही. १८२४ मध्ये प्राउट नावाच्या इंग्रज डॉक्टरने जठरातलं आम्ल कोणतं ते शोधून छापलं तेव्हा त्याने म्युरिएटिकच लिहिलं. इंग्लंडमध्ये मिठापासून सोडा करणारे कारखाने या आम्लाचा धूर हवेत सोडायचे, आजूबाजूची झाडं वाळून जायची, त्यावर १८६३ मध्ये अल्कली अ‍ॅक्ट आला, ९५ टक्के धूर पाण्यात पकडलाच पाहिजे असा. आमच्यासारख्या प्रदूषण मोजणाऱ्यांचा तो मूळ पुरुषच म्हणा, आणि त्या कायद्यातही शब्द म्युरिएटिक अ‍ॅसिड गॅस असाच आहे, डेव्हीनंतर ५० वर्षांनी. पुस्तकवाले नाव लवकर बदलतात, कारखाना आणि बाजार बदलत नाही, कारण ऑर्डर जुन्या नावाने येते.

औषधातही तसंच. आज गोळ्यांच्या पाकिटावर मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड लिहिलेलं असतं, त्या जातीच्या नावाला पूर्वी म्युरेट म्हणायचे, मॉर्फिन म्युरेट, क्विनीन म्युरेट. होमिओपॅथीने मात्र जुनंच नाव धरून ठेवलं. नॅट्रम मूर म्हणजे नॅट्रम म्युरिएटिकम, सोडियम क्लोराइड, आपलं खायचं मीठ. बाराक्षारातलं काली मूर म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे भाऊ, नावाने तुमच्या पोत्यातलीच वस्तू. (नावाने म्हणतो आहे. पोतं खतासाठी आहे, औषध म्हणून ते घरात कोणी हात लावायचा नाही.) अमोनियम मूर म्हणजे नवसागर.

नवसागर म्हटल्यावर मला कल्हईवालाच आठवतो. आमच्या लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत यायचा, खड्डा करून भाता लावायचा. पितळेचं पातेलं सांडशीत धरून निखाऱ्यावर लाल होत आलं की कथलाची कांडी टेकवायची, नवसागराची चिमूट टाकायची आणि कापसाच्या बोळ्याने फर्रकन फिरवायचं. भसकन पांढरा धूर, आणि धुराखालून चांदीसारखं पातेलं. त्या क्षणी तिथे म्युरिएटिक आम्लच काम करत असतं. नवसागर तापला की फुटून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिकचा वायू होतो, तो वायू पितळेवरचा काळा गंज खातो, मग कथील स्वच्छ धातूला चिकटतं. गंज तसाच राहिला तर कल्हई पापुद्र्यासारखी निघून येते. इंग्रज याच वस्तूला म्युरेट ऑफ अमोनिया लिहायचे. टाइल्सवरचं सिमेंट सुटतं तेही याच आम्लामुळे, चुना खाल्ल्यामुळे. तुमच्या बाटलीतलं पिवळं दिसतं ते त्यातल्या लोखंडामुळे. आणि हात जोडून सांगतो, ते अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच संडासात एकापाठोपाठ टाकू नका, शीलेने जो हिरवा वायू काढला तोच निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेतो.

आता पोत्याकडे येऊ. खतात हा शब्द टिकला त्याला चांगलं कारण आहे. १८६१ मध्ये जर्मनीत स्टासफुर्टला खाणीतल्या क्षारापासून पोटॅश काढायचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून बाजारात पोटॅश मुख्यतः दोन रूपांत आहे, म्युरेट आणि सल्फेट. म्हणजे एमओपी आणि एसओपी. पोटॅश दोन्हीत आहे, जोडीदार वेगळा. हे विशेषण जोडीदार सांगतं. कृषी केंद्रवाला म्हणतो नाव पाहू नका, तेव्हा तो तुम्हाला पोत्यातली जवळजवळ अर्धी वस्तू पाहू नका म्हणून राहिला.

हिशोब करून पाहा. पोत्यावर ६० टक्के लिहिलेलं असतं ते पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशोबाने, प्रत्यक्षात आत ऑक्साइड नसतोच, ही पण जुनी मोजायची रीत. त्या ६० टक्क्याचा अर्थ ५० किलोच्या पोत्यात साधारण २५ किलो पोटॅशियम आणि साडेबावीस किलो क्लोराइड. साडेबावीस किलो! धानाला याचं काही वाटत नाही, कपाशी सोसते, नारळाला तर क्लोराइड आवडतं. संत्र्याला आवडत नाही. पानाचं टोक आधी पिवळं, मग तपकिरी, मग कडेकडेने भाजल्यासारखं होत येतं, आणि ऐन उन्हाळ्यात पानगळ. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो अजून तेच विहिरीचं खारं पाणी देतो.

असे एक बागायतदार काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. त्यांनी ठिबकमधून सोडायला झिरो झिरो पन्नास, म्हणजे पाण्यात विरणारं एसओपीच, मागितलं होतं, दुकानदाराने "स्वस्तात तेच काम होते" म्हणून एमओपी विरवून सोडायला लावलं, आणि तेही मार्च-एप्रिलमध्ये, पाऊस नसताना. मी त्यांच्या विहिरीचं पाणी तपासायला लावलं. फ्लास्कमध्ये नमुना, दोन थेंब पोटॅशियम क्रोमेट, पाणी हळदीसारखं पिवळं. वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब. प्रत्येक थेंबाला पांढरे कण, फाटलेल्या दुधासारखे, ते सिल्व्हर क्लोराइड. जोवर क्लोराइड आहे तोवर चांदी त्यालाच पकडते, संपलं की पुढचा थेंब क्रोमेटशी जाऊन विटकरी होतो आणि तिथे थांबायचं. त्या दिवशी ब्युरेट अर्धी होत आली तरी फ्लास्क पिवळाच. ते बागायतदार समोर उभे राहून पाहत होते, मला काही समजावून सांगावं लागलं नाही. विहीरच खारी होती, त्यावर हे खत.

म्हणजे एमओपी वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्वस्त आहे, पोटॅश चांगला आहे, आणि क्लोराइड मातीला चिकटून बसत नाही, मातीच्या कणांवर ऋण भार, क्लोराइडवरही ऋण, त्यामुळे निचरा असेल तर पावसाळ्यात तो खाली धुवून जातो. पाणी गोडं असेल, जमीन निचऱ्याची असेल, पावसाच्या तोंडावर देत असाल तर चालून जातं. भारी काळ्या जमिनीत जिथे पाणी साचून राहतं तिथे, आणि उन्हाळ्यात ठिबकमधून, मी तरी एसओपीच सांगतो. महाग पडतं, पण आपल्या काळ्या मातीत पोटॅश मुळात बऱ्यापैकी असतो, आधी माती तपासली तर कित्येकदा मात्रा कमी करून तेवढ्याच पैशात बसतं. खुंटाचाही, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात त्याचाही, फरक पडतो, रंगपूर लाईम क्लोराइडला मुळाशीच बराच अडवतो, जंबेरी तेवढं अडवत नाही. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मोजमापाने पाटाने दिलेल्या पाण्यात लिटरला १४० मिलिग्रॅमच्या आत क्लोराइड असेल तर चिंता नाही, ३५० च्या वर गेलं तर खरी अडचण, मधल्यात सांभाळून.

तर भाऊ, पोतं परत करायची घाई करू नका, आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या, कोणत्याही चांगल्या लॅबमध्ये होतं. मोटर अर्धा तास चालू दिल्यावर पाणी घ्या, लिटरभराची कोरी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून गच्च भरा. मिठाची, लोणच्याची जुनी बाटली नको, आम्ही मोजतो नेमकं तेच तिला चिकटलेलं असतं. आणि कलमं घेतली तेव्हाची नर्सरीची पावती सापडली तर खुंट जंबेरी लिहिलाय की रंगपूर तेवढं पाहून सांगा, मग कोणतं पोतं कधी द्यायचं ते बोलू.